विकत घेतलेला गेम बंद पडतो, तेव्हा नेमकं काय बंद पडतं?

३१ मार्च २०२४ या दिवशी युबिसॉफ्ट कंपनीने ‘द क्रू’ या कार-रेसिंग गेमचे सर्व्हर, म्हणजे गेम इंटरनेटवरून ज्यांना जोडलेला असतो ते कंपनीचे संगणक, बंद केले. हा गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला होता. तो फुकट नव्हता, महिन्याच्या वर्गणीवरही नव्हता. एकदाच पूर्ण किंमत मोजून घ्यायचा होता. त्यात इतरांशी शर्यत लावता यायची, पण अमेरिकेच्या आटोपशीर केलेल्या नकाशावर एकट्यानेच गाडी पळवत तासन्‌तास भटकणारेही पुष्कळ होते. सर्व्हर गेले आणि या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी गेल्या. डाउनलोड केलेला गेम सुरू होईना. डिस्क जपून ठेवणाऱ्यांची डिस्कही कामाची राहिली नाही. पुढच्या काही दिवसांत तर खेळाडूंना आपल्या खात्यातून त्या गेमचा परवानाच काढून घेतलेला दिसला.

लोक चिडले, आणि चिडायला कारण होतं. पण त्या चर्चेत वेगवेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आणि बातम्या देणाऱ्यांनीही तो गुंता फारसा सोडवला नाही. तंत्रज्ञानाच्या बातम्या मी कित्येक वर्षं वाचत आलो आहे. नवी गोष्ट बाजारात येते तेव्हा तिच्यावर पानंच्या पानं लिहिली जातात. ती बंद होते तेव्हा चार ओळींत काम भागवलं जातं. बंद होताना ग्राहकाच्या हातून नेमकं काय गेलं, हे त्या चार ओळींतून क्वचितच कळतं. ते कळावं म्हणून हा लेख.

‘अमुक गेम बंद होणार’ असा मथळा दिसला की त्यामागे तीनपैकी एखादी गोष्ट असते. सगळ्यात सौम्य म्हणजे फक्त विक्री थांबणं. ‘फोर्झा होरायझन ४’ची विक्री १५ डिसेंबर २०२४ रोजी थांबली. नव्याने कुणाला तो ऑनलाइन दुकानातून घेता येत नाही, पण ज्यांनी आधी घेतला त्यांना पुन्हा डाउनलोड करून खेळता येतो. याचं कारण बहुतेक वेळा करारांत असतं. गेममधल्या खऱ्या गाड्या आणि खरी गाणी यांचे हक्क ठरावीक मुदतीसाठी घेतलेले असतात. मुदत संपली की नवी प्रत विकता येत नाही. ‘अ‍ॅलन वेक’ हा गेम २०१७ मध्ये असाच गाण्यांच्या हक्कांपायी दुकानातून गेला आणि नवा करार झाल्यावर २०१८ मध्ये परत आला. यात खरेदीदाराचं थेट नुकसान होत नाही.

त्यापुढची पायरी म्हणजे सर्व्हर बंद होणं. निन्टेंडोच्या थ्रीडीएस आणि वी यू या दोन यंत्रांवर हा फरक स्वच्छ दिसतो. २७ मार्च २०२३ रोजी त्यांच्या ऑनलाइन दुकानात खरेदी बंद झाली. ८ एप्रिल २०२४ रोजी ऑनलाइन खेळ बंद झाला. तरीही एकट्याने खेळायचे गेम आजही त्या यंत्रांवर चालतात, कारण ते सर्व्हरला काही विचारतच नाहीत.

तिसरी गोष्ट सगळ्यात कठोर, म्हणजे परवाना काढून घेणं. गेम तुमच्या यादीतून जातो किंवा यादीत राहूनही उघडत नाही. हे क्वचित घडतं. ‘द क्रू’च्या बाबतीत मात्र तिन्ही घडलं: डिसेंबर २०२३ मध्ये विक्री थांबली, मार्चअखेर सर्व्हर गेले आणि एप्रिलमध्ये परवाने. म्हणून त्याचा एवढा गाजावाजा झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पैसे मोजल्यावरही कंपनीला असं करता येतं कसं?

छापील पुस्तकाचं उदाहरण घेऊ, कारण कायद्याची घडण तिथूनच झाली. अमेरिकेत एका प्रकाशकाने आपल्या कादंबरीतच छापून टाकलं होतं की ही एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकली, तर तो आमच्या हक्कांचा भंग समजला जाईल. मेसीज या दुकानाने ती ८९ सेंटला विकली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९०८ मध्ये निकाल लागला: प्रत एकदा विकली की पुढे ती कितीला विकायची हे प्रकाशक ठरवू शकत नाही. मजकुराचे हक्क त्याचे, पण ती विशिष्ट प्रत घेणाऱ्याची. जुनी पुस्तकं विकणं, मित्राला देणं, वाचनालयाला भेट देणं हे सगळं याच तत्त्वावर चालतं.

डिजिटल वस्तूत ‘ती विशिष्ट प्रत’ अशी काही गोष्टच उरत नाही. फाइल एका यंत्रातून दुसऱ्यात पाठवली म्हणजे तिची नवी प्रत तयार झाली, आणि प्रत करण्याचा हक्क निर्मात्याकडे असतो. त्यामुळे कंपन्यांनी विक्रीची भाषा सोडली आणि परवान्याची धरली. तुम्ही गेम घेता म्हणजे तो वापरण्याची परवानगी घेता, तीही अटींसह, आणि त्या अटींत बहुतेकदा असंही असतं की आम्ही सेवा केव्हाही थांबवू शकतो. युरोपच्या न्यायालयाने २०१२ मध्ये ठरवलं होतं की कायमच्या वापरासाठी डाउनलोड करून घेतलेलं सॉफ्टवेअर पुढे विकता येईल. ग्राहकासाठी तो मोठा निकाल होता. पण त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये ई-पुस्तकांना तो नियम लागू होत नाही असं सांगितलं. म्हणजे सॉफ्टवेअरला एक न्याय, ई-पुस्तकाला दुसरा. मग ज्यात सॉफ्टवेअर, चित्रं, संगीत आणि कथा सगळं एकत्र आहे, अशा गेमचं काय? हा वाद अजून धुमसतो आहे.

कॅलिफोर्निया राज्याने निदान ग्राहकाला अंधारात ठेवू नये एवढी तरी सोय केली. २०२४ मध्ये संमत झालेला आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेला तिथला कायदा सांगतो की डिजिटल वस्तूवर ‘विकत घ्या’ असं लिहायचं असेल, तर हा केवळ परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट कळवा. कायमस्वरूपी डाउनलोड करून इंटरनेटविना वापरता येणाऱ्या वस्तूंना यातून सूट आहे, आणि ही सूट मला कायद्यातली सगळ्यात समंजस गोष्ट वाटते. कायदा लागू होण्याआधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाने पैसे भरण्याच्या पानावर तशी सूचना दाखवायला सुरुवात केली. बऱ्याच जणांना तेव्हा पहिल्यांदा कळलं की गेली कित्येक वर्षं आपण परवानेच घेत होतो. परिस्थिती काही बदलली नव्हती, ती फक्त डोळ्यांसमोर आली होती.

परवाना म्हणजे कागदावरचा करार. तो प्रत्यक्षात अमलात कसा येतो? तर डीआरएममुळे, म्हणजे फाइलला लावलेल्या डिजिटल कुलपामुळे. फाइल तुमच्याकडे असते, पण ती उघडायची की नाही हे दरवेळी किंवा अधूनमधून कंपनीच्या सर्व्हरला विचारून ठरतं. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने हक्कांच्या वादामुळे जॉर्ज ऑर्वेलच्या पुस्तकांच्या काही प्रती लोकांच्या किंडलमधून, म्हणजे ई-पुस्तकं वाचण्याच्या यंत्रातून, दूरवरूनच पुसून टाकल्या. पैसे परत केले, पुढे कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफीही मागितली. पण लोकांना कळून चुकलं की त्यांच्या हातातल्या यंत्रात दुसऱ्याचाही हात पोचतो.

त्याहून शिकण्यासारखं प्रकरण मायक्रोसॉफ्टच्या ई-पुस्तकांच्या दुकानाचं आहे. हे दुकान २०१९ मध्ये बंद झालं आणि त्या जुलैपासून तिथली पुस्तकं उघडेनाशी झाली. कंपनीने सगळ्यांना पूर्ण पैसे परत दिले. शिवाय ज्यांनी पुस्तकांत खुणा आणि टिपणं केली होती त्यांना २५ डॉलर जास्तीचे दिले. पैशांच्या दृष्टीने याहून चोख वागणूक मिळणं कठीण. तरीसुद्धा परीक्षेसाठी किंवा संशोधनासाठी वर्षभर समासात लिहिलेली टिपणं गेली ती गेलीच. परतावा वस्तूच्या किमतीचा मिळतो. त्यात आपण ओतलेल्या वेळाचा मिळत नाही. गेममध्ये तर वेळच जास्त ओतलेला असतो.

आता सर्व्हर. सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत, म्हणून जरा सावकाश पाहू.

आधुनिक ऑनलाइन गेमवर तुम्ही ‘प्ले’ दाबता तेव्हा काही सेकंदांत बरीच विचारपूस होते. आधी दुकानाचं सॉफ्टवेअर तपासतं की हे खातं खरं आहे का आणि या खात्यावर हा गेम आहे का. मग गेम स्वतःच्या कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो. बऱ्याचदा तिथे दुसरं खातं, दुसरं लॉगिन असतं. गेमची आवृत्ती ताजी आहे ना हे पाहिलं जातं. त्यानंतर तुमची प्रगती उतरवून घेतली जाते: कोणत्या गाड्या मिळवल्या, कुठवर पोचलात, आभासी नाणी किती. दुसऱ्यांशी खेळायचं असेल तर तुमच्या तोडीचे खेळाडू शोधले जातात. आणि प्रत्यक्ष सामना सुरू झाला की कोण कुठे आहे, गोळी लागली की चुकली, हे अनेकदा सर्व्हर ठरवतो, म्हणजे कुणाला आपल्या यंत्रात फेरफार करून फसवता येत नाही.

या यादीतली बरीचशी कामं खेळाडूच्या यंत्रावरच होऊ शकतात. प्रगती साठवायला एक फाइल पुरते. कित्येक दशकं गेम तेच करत आले. लॉगिनची तपासणी काढून टाकता येते. खरी गरज उरते ती सामना चालवणाऱ्या प्रोग्रामची, आणि तोही कंपनीच्याच इमारतीत चालला पाहिजे असं नाही. १९९६ मध्ये ‘क्वेक’ आला तेव्हा सर्व्हरचा प्रोग्राम खेळाडूंच्याच हाती दिलेला होता. विद्यापीठातला एखादा मुलगा रिकाम्या संगणकावर तो चालू करायचा आणि बाकीचे त्याला जोडून घ्यायचे. १९९९ मध्ये गेमच्या निर्मात्या इड सॉफ्टवेअरने त्याचा सोर्स कोडही, म्हणजे प्रोग्रामरनी लिहिलेला मूळ प्रोग्राम, खुला केला. ‘क्वेक’ आजही खेळला जातो, आणि त्यासाठी कुणाला रोज पदरचे पैसे घालून मोठी यंत्रणा पोसावी लागत नाही.

मग पुढे असं काय झालं? कंपन्यांना सर्व्हर आपल्याकडे ठेवण्याचे फायदे दिसले. चोरी कमी होते, फसवणूक रोखता येते, गेममध्ये वरचेवर नव्या गोष्टी विकता येतात. यातली काही कारणं रास्त आहेत. पण ज्या गेमला सर्व्हरची गरज नाही त्यालाही तो जोडण्याची सवय लागली. मार्च २०१३ मधलं ‘सिमसिटी’चं प्रकरण यासाठी आवर्जून आठवावं. शहर वसवण्याचा, मुख्यतः एकट्याने खेळायचा हा गेम इंटरनेटविना चालतच नव्हता. पहिल्याच आठवड्यात सर्व्हर कोलमडले आणि पैसे भरलेले लोक रांगेत ताटकळत बसले. निर्मात्यांचं म्हणणं होतं की हिशेबाचा बराच भार सर्व्हर उचलतो, त्यामुळे गेम ऑफलाइन करणं हे फार मोठं काम आहे. थोड्याच दिवसांत एका हौशी प्रोग्रामरने फेरफार करून गेम इंटरनेटविना चालतो हे दाखवून दिलं, आणि मार्च २०१४ मध्ये खुद्द कंपनीनेच अधिकृत ऑफलाइन सोय दिली. ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही’ असं विधान बातमीत वाचलं की मी हमखास थांबतो आणि शोधतो: हे अशक्य आहे, की करायचं ठरवलेलं नाही?

अर्थात काही गेमच्या बाबतीत ते खरोखर कठीण असतं. हजारो खेळाडू एकाच जगात वावरतात असे गेम एका प्रोग्रामवर चालत नाहीत. त्यामागे माहितीसाठे, पैशांचे व्यवहार, दुसऱ्या कंपन्यांकडून भाड्याने घेतलेली सॉफ्टवेअर असा पसारा असतो, आणि भाड्याने घेतलेली वस्तू खेळाडूंना वाटून टाकायचा हक्क गेमच्या कंपनीकडे नसतो. हा आक्षेप पोकळ नाही. पण त्यावरही मार्ग निघालेले आहेत. ‘सिटी ऑफ हिरोज’ हा असाच विशाल गेम ३० नोव्हेंबर २०१२ रोजी बंद झाला. चाहत्यांनी सर्व्हरचा कोड मिळवून तो चालवला, २०१९ मध्ये हे उघड झालं, आणि जानेवारी २०२४ मध्ये मूळ कंपनी एनसीसॉफ्टने त्यांच्यापैकी ‘होमकमिंग’ या गटाला रीतसर परवाना दिला. ‘नॉकआउट सिटी’च्या निर्मात्यांनी तर याहून नेटकं काम केलं. २०२३ च्या जूनमध्ये अधिकृत सर्व्हर बंद करताना त्यांनी खेळाडूंना स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती देऊन टाकली. ती छोटी कंपनी होती. तिला जमलं ते तिच्या कितीतरी पट मोठ्या कंपन्यांना जमू नये, हे माझ्या गळी उतरत नाही.

‘द क्रू’नंतर रॉस स्कॉट या यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. तिच्याबद्दल सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज असा की तिला सर्व्हर कायमचे चालू हवे आहेत. तसं मुळीच नाही. कंपनीने सर्व्हर कधीही बंद करावेत, त्याला हरकत नाही. मात्र बंद करताना विकलेला गेम या ना त्या स्वरूपात चालू राहील अशी तजवीज करून जावं, एवढीच मागणी आहे. युरोपीय संघात नागरिकांना दहा लाख सह्या गोळा करून युरोपीय आयोगापुढे प्रस्ताव ठेवता येतो. या मोहिमेने जुलै २०२५ मध्ये तो आकडा ओलांडला. खुद्द युबिसॉफ्टनेही सप्टेंबर २०२४ मध्ये ‘द क्रू २’ आणि ‘द क्रू मोटरफेस्ट’ यांना ऑफलाइन सोय देण्याचं जाहीर केलं. लोकांनी आवाज उठवल्यावर हे झालं, ही नोंद महत्त्वाची आहे.

मला यातला कळीचा मुद्दा वेळेचा वाटतो. गेम बंद करायच्या वेळी ऑफलाइन सोय करायला गेलं तर ते खर्चिकच असतं. टीम पांगलेली असते, कोड लिहिणारे दुसरीकडे गेलेले असतात, करार आधीच झालेले असतात. हेच काम आराखड्याच्या टप्प्यावर ठरलं तर भाड्याचं सॉफ्टवेअर निवडतानाच त्याचा विचार होतो. म्हणून शेवटाचा नियम जुन्या गेमना मागे जाऊन लावण्यापेक्षा नव्यांना सुरुवातीपासून लावावा, असं माझं मत आहे.

हे केवळ करमणुकीच्या पैशांपुरतं नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत दिसलं की २०१० पूर्वी तिथे प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. चित्रकार, संगीतकार, लेखक, प्रोग्रामर यांनी वर्षानुवर्षं खपून केलेलं हे काम. ग्रंथालयांनी असे दुर्मीळ गेम अभ्यासकांना दूरवरून वापरायला द्यावेत, अशी सवलत मागितली गेली होती. तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ती नाकारली. विकत नाही, वाचनालयातूनही नाही, मग अभ्यास करणाऱ्याने जायचं कुठे?

वर्गणीच्या सेवांबद्दल माझी तक्रार नाही. तिथे व्यवहार उघड आहे: पैसे देता तोवर वापरा. तक्रार आहे ती एकरकमी किंमत घेऊन वर्गणीसारखं वागण्याची. गूगलच्या स्टेडियाकडे पाहा. नोव्हेंबर २०१९ मध्ये ही सेवा सुरू झाली. गेम गूगलच्या संगणकांवर चालायचा, तुमच्याकडे फक्त चित्र यायचं, आणि तरी बरेच गेम पूर्ण किमतीला विकत घ्यावे लागायचे. जानेवारी २०२३ मध्ये ती बंद झाली. तेव्हा गूगलने आपल्याकडून घेतलेल्या गेमचे आणि उपकरणांचे पैसे परत केले, शिवाय कंट्रोलर साध्या ब्लूटूथवर चालवण्याची सोय दिली, म्हणजे ते कचऱ्यात गेले नाहीत. सेवा फसली, पण ती आवरली नीट. दुर्दैवाने असं वागण्याचं बंधन कुणावर नाही, ते कंपनीच्या मर्जीवर आहे.

नियम होतील तेव्हा होतील. तोवर खरेदीच्या आधी काही गोष्टी पाहता येतात. दुकानाच्या पानावर ‘सतत इंटरनेट आवश्यक’ किंवा ‘वेगळं खातं आवश्यक’ असं बारीक अक्षरांत असतं. तिथेच बरंच उत्तर मिळतं. जीओजीसारख्या दुकानावर डीआरएम नसलेली इन्स्टॉलर फाइल मिळते, ती स्वतःच्या डिस्कवर ठेवली की दुकान राहो न राहो, गेम राहतो. स्टीमवरही काही गेम डीआरएमविना असतात, पण ते एकेकाचं तपासावं लागतं. खोक्यातल्या गेमवर डोळे झाकून विसंबू नका. २०२५ मध्ये आलेल्या निन्टेंडो स्विच २ साठी ‘गेम-की कार्ड’ निघाली आहेत. त्या कार्डात गेम नसतोच, तो डाउनलोड करण्याची किल्ली असते. आणि सेव्ह केलेली प्रगती कुठे साठते ते पाहा. तुमच्या यंत्रावर साठत असेल तर तिची प्रत काढून ठेवणं तुमच्या हातात आहे. फक्त सर्व्हरवर असेल तर नाही.

गेमची परीक्षणं लिहिणाऱ्यांकडूनही मला एक गोष्ट हवी आहे. ग्राफिक्स, कथा, फ्रेम रेट यांवर ते भरपूर लिहितात. त्यासोबत इंटरनेटची वायर काढून, वाय-फाय बंद करून गेम एकदा सुरू करून पाहावा आणि काय झालं ते दोन ओळींत लिहावं: मेनूपर्यंत गेला का, जुनी प्रगती उघडली का, एकट्याने किती खेळता आलं. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते वाचकाला पैसे भरण्याआधी कळलेलं असेल.